हरभरा म्हणायला अकरा महिने लागले

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आपला जुना वाचक, राहणार सेलू, जिल्हा परभणी, वय ६४. हे पत्र मोबाईलवर एका बोटानं टाईप करायलो तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात कॅन्सर तपासणी शिबिराची बातमी आली होती, मोठा फोटो, फीत, पाहुणे, शाल-श्रीफळ सगळं होतं. चांगलं आहे, शिबिरं व्हायलाच पाहिजेत, माझं असंच एखाद्या शिबिरात लवकर सापडलं असतं तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण बातमी वाचून झाल्यावर डोक्यात एकच आलं की अरे ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं ती माणसं कुठंयत, त्यांचा फोटो कुणी काढत नाही का.

माझं स्वरयंत्र काढलेलं आहे, पूर्ण. डॉक्टर लोक लॅरिंजेक्टॉमी म्हणतात. अडीच वर्षं झाली, कॅन्सर आता नाही, तपासण्या चांगल्या येतात, आणि ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल डॉक्टरांना आणि सरकारला दोन्ही हात जोडून नमस्कार. तक्रार पुढची आहे. जीव वाचला, पण वाचलेल्या जीवानं बोलायचं कसं, आंघोळ कशी करायची, लग्नात पंगतीला बसायचं कसं हे शिकवायचं खातं कुणाकडंच नाही. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी दोन ओळी होत्या, 'तंबाखू टाळावा' आणि 'स्पीच थेरपी घ्यावी'. तंबाखू टाळला. स्पीच थेरपी कुठं घ्यावी ते काही लिहिलेलं नव्हतं.

मी तीस वर्षं मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होतो आणि हर्रास बोलायचो. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्या मालाची बोली माझ्या तोंडून निघायची. माईक नव्हता तेव्हापासून माझा आवाज शेडच्या त्या टोकाला जायचा, लोक म्हणायचे मुनीमजी बोलायला लागले की रेल्वे स्टेशनवर ऐकू येतं, वाढवून सांगायचे पण फार नाही. बिडी दिवसाला दोन बंडल, वरून मळलेली तंबाखू, त्यामुळं दोष कुणाला देत नाही. आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं सीझन आहे, ओरडून बसला, मलाही तसंच वाटलं, चार महिने खोकल्याचं औषध आणि जेष्ठमध चघळण्यात गेले. नंतर मोठ्या डॉक्टरनं सांगितलं की तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं बघून घ्यायलाच पाहिजे. हे वाक्य मोंढ्याच्या गेटवर पाटी करून लावावं असं आहे.

ऑपरेशनमधी होतं काय ते सांगतो, कारण आमच्या सोयऱ्यांना अजून कळलेलं नाही, ते म्हणतात गळ्याला भोक पाडलंय, बुजलं की बोलतील. ते बुजत नसतं. स्वरयंत्र काढलं की श्वासनळीचं वरचं तोंड मानेच्या पुढं खालच्या बाजूला आणून कातडीला शिवतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि जन्मभर श्वास तिथूनच. नाकाचा आणि फुफ्फुसाचा संबंध संपला. म्हणजे मंग काय काय जातं बघा. आवाज तर गेलाच. चहावर फुंकर मारता येत नाही, बशीत ओतून थांबायचं. नाक शिंकरता येत नाही. शिंक आली तर गळ्यातून येते, रुमाल नाकाला लावायची सवय साठ वर्षांची, तो खाली न्यायला शिकावं लागतं. पोतं उचलता येत नाही कारण वजन उचलताना आपण श्वास कोंडतो, तो कोंडायचा दरवाजाच काढून टाकलेला असतो, आणि त्याच कारणानं, आता लाजून काय करता, सकाळी संडासला जोर सुद्धा लावता येत नाही. गंगाखेडला गोदावरीत डुबकी मारायची नाही, पाणी थेट फुफ्फुसात जाईल. आणि मानेतल्या गाठी काढल्या होत्या त्यामुळं उजवा खांदा खाली आला, हात डोक्याच्या वर जाईना, शर्ट घालायला दुसरं माणूस लागायचं.

हे ऑपरेशन काही नवीन नाही बरं का, व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या सर्जननं १८७३ साली पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं आणि त्याच्याच शिष्यानं त्या पेशंटसाठी नकली आवाजाचं यंत्र पण बनवलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सुद्धा कापणाऱ्याला कळत होतं की नुसतं कापून भागत नाही.

घरी आल्यावर पोरानं ती लेकरांची पाटी आणून दिली, लिहायचं आणि बटण दाबलं की पुसतं. लई भारी वाटली. पण आमच्या मंडळीला वाचता येत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ह्याची कधी अडचण आली नाही कारण मी बोलत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाटीवर लिहिलं 'चहात साखर नाही', नातू शाळेत गेलेला, ती पाटी हातात घेऊन उभी राहिली, इकडून बघितलं तिकडून बघितलं, आणि मला परत देऊन म्हणाली लेकरू आलं की वाचून घेते. संध्याकाळपर्यंत तीन चहा बिनसाखरेचे पिले. आणि भांडण झालं की आणखी मजा, मी रागारागानं पाटीभर लिहायचो, मोंढ्यातला माणूस, शिव्या पण लिहायचो, आणि तिसरीतला नातू ती सगळी वाचून आजीला एवढंच सांगायचा की "आजोबा रागावलेत". हाक मारायला सायकलची घंटी ठेवली होती, तर गल्लीतली लेकरं कुल्फीवाला आला म्हणून दारात यायची.

हे हसण्यावारी सांगायलो पण ते सहा-सात महिने मी घराबाहेर पडलो नाही. लोकांचं काय होतं, बोलता येत नाही म्हणजे ऐकू पण येत नाही असं धरतात आणि कानाशी येऊन ओरडतात, नाहीतर आपण गप्प म्हणून ते पण हातवारे करायला लागतात. माझ्या साडूनं तर अर्धा तास खुणेनं गप्पा मारल्या, त्याला बोलता येतं हे तो विसरूनच गेला. गावात सप्ताह बसला, हरिपाठाला मी कधी चुकलो नव्हतो, त्या वर्षी दार लावून आत बसलो.

पोरगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं नेटवर शोधून मुंबईच्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंचा नंबर काढला, त्या व्हिडिओ कॉलवर शिकवतात. त्याच्या आधी आम्ही जवळपास दोन ठिकाणी जाऊन आलो होतो, तिथले लोक चांगले होते पण त्यांचं काम लहान लेकरांचं आणि कानाच्या मशीनचं, एकानं तर सरळ सांगितलं काका स्वरयंत्र काढलेला माणूस मी पुस्तकातच बघितलाय. मुंबईला दर आठवड्याला जायचं म्हणलं तर रात्री देवगिरी पकडा, सकाळी उतरा, अर्ध्या तासाचं सेशन, परत रात्रीची गाडी, आणि सोबत एक माणूस. रेडिएशन झालेलं, थुंकी सुकलेली, भाकरी पाण्यात बुडवून खायलेला माणूस असं किती दिवस करेल. आमच्याकडं म्हण आहे बनी तो बनी नहीं तो परभणी, तर म्हणलं परभणीतूनच बघू.

पहिल्या दिवशीचं सांगतो. आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंती, आत रेंज येत नाही म्हणून माळवदावर जाऊन बसलो. मोबाईल मंडळीच्या हातात. पलीकडून बाई म्हणाल्या, काका मला तुमचा स्टोमा दाखवा. दहा मिनिटं त्यांना लिंबाचं झाड दिसत होतं. मंग कॅमेरा फिरवला तर उन्हामुळं मी काळाठिक्कर. शेवटी मंडळीनं पदराची सावली करून दुसऱ्या मोबाईलची बॅटरी मारली तेव्हा बाईंना भोक दिसलं आणि त्या म्हणाल्या, अहो आजी तुम्ही तर असिस्टंट झालात. तेव्हापासून तीच असिस्टंट. वाचता येत नसलेल्या बाईनं तीन इंग्रजी शब्द पक्के केले, स्टोमा, फिल्टर आणि म्यूट.

सुरुवातीला मशीनवर बोलायला शिकवलं. इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणतात, टॉर्चसारखं असतं, मानेला लावून बटण दाबलं की घुर्रर्र वाजतं आणि तो आवाज तोंडात येतो, आपण नुसते ओठ-जीभ हलवून शब्द करायचे. किंमत पाच आकडी, पोरानं हप्त्यावर घेतलं. रेडिएशननं मान दगडासारखी झालेली त्यामुळं आवाज आतच जाईना, कुठं लावलं की नीट वाजतं ती जागा शोधायला तीन सेशन गेले, शेवटी गालावर सापडली. आणि एक गंमत, व्हिडिओ कॉलच्या ॲपला आमचा आवाज म्हणजे मिक्सरचा आवाज वाटतो, ते आपोआप दाबून टाकतं. मी इकडं जीव तोडून बोलायलो आणि बाईंना काहीच ऐकू येईना. सेटिंगमधी जाऊन ते नॉईज कमी करायचं बंद करावं लागतं. साध्या फोनवर तर विचारूच नका, मी बोललो की समोरचा कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन समजून कट करतो. बँकेच्या मुलीनं तीनदा कट केला.

आता मुद्द्याचं. त्या मशीनमधी फुफ्फुसाची हवा तोंडात येत नाही. म्हणून 'ह' येत नाही. आणि 'ह' नाही म्हणजे ख, घ, थ, ध, फ, भ सगळ्यांचा जीव गेला. मशीन सारखं वाजत राहतं म्हणून प आणि ब, त आणि द ह्यातला फरक पण पुसट होतो. इंग्रजीत भागत असेल, आपल्या मराठीत कसं भागायचं? भाकरी म्हणलं की बाकरी, धान म्हणलं की दान, घर म्हणलं की गर. आणि ज्या मालावर माझं आयुष्य गेलं तो हरभरा, त्यात पहिलंच अक्षर ह आणि मधी भ, तो 'अरबरा' व्हायला लागला. हर्रासचं पण तेच, अर्रास. बाईंकडं सरावाचे शब्द होते ते आधी इंग्रजीतले, मंग हिंदीतले, त्या स्वतः म्हणाल्या काका मराठीतली यादी आपणच करू. मंग मी, मंडळी आणि नातू बसून यादी केली, ज्या शब्दांनी घरात रोज काम पडतं ते शब्द, मीठ, पाणी, थांब, दूध, औषध, झोप, भात. ही यादी आज माझ्या वहीत आहे, कुणाला लागली तर फुकट देईन.

दहाव्या महिन्यात वॉल्व बसवला. श्वासनळी आणि अन्ननळी ह्यांच्या मधल्या भिंतीला बारीक छिद्र करून त्यात सिलिकॉनचा एकाच बाजूनं उघडणारा पडदा बसवतात, स्टोमा बोटानं झाकला की फुफ्फुसाची हवा त्या पडद्यातून अन्ननळीत जाते आणि तिथली भिंत थरथरून आवाज निघतो. अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम ह्या दोघांनी १९८० च्या आसपास ही पद्धत आणली. बाहेरून येणारे वॉल्व हजारांच्या घरात असतात आणि ते कायमचे नसतात, त्यावर बुरशी धरते, गळायला लागतात, काही महिन्यांनी बदलावे लागतात. म्हणूनच बंगळुरूच्या डॉ. विशाल राव ह्यांनी 'ऑम' नावाचा वॉल्व ५० रुपयांत बनवला ही बातमी ऑपरेशनच्या कितीतरी आधी वाचून मी विसरलो होतो, आता त्याची किंमत कळते.

वॉल्व बसला आणि साधारण महिन्याभरानं, म्हणजे ऑपरेशनपासून अकराव्या महिन्यात, माळवदावर बसून मी बाईंना "हरभरा" म्हणलो. खरखरीत, बेडकासारखा, ह ची नुसती सावली, पण भ मात्र भ होता. बाई तिकडून टाळ्या वाजवायल्या. मंडळी म्हणाली, "काय भाव?"

वासाचं पण सांगायचं राहिलं. नाकातून हवाच जात नाही म्हणजे वास नाही, आणि वास नाही म्हणजे चव पण अर्धी. बाईंनी ओठ मिटून जांभई द्यायला शिकवली, ओठ बंद, खालचा जबडा आणि जीभ खाली ओढायची, तोंडाच्या आत पोकळी होते आणि नाकातून थोडी हवा आत ओढली जाते. ही युक्ती हॉलंडच्या डॉक्टर लोकांनी बसवलेली आहे म्हणे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं म्हातारा पेंगायलाय. दोन-अडीच आठवडे काहीच नाही, आणि एक दिवस वर बसलेलो असताना खालून भाकरी करपल्याचा वास आला. मी दणदण जिना उतरलो आणि तव्याकडं बोट केलं. तिला वाटलं आता पाटी येते रागाची. मी नुसता हसायलो, आवाज नाही, खांदे हलायले. गॅस लीक झालेला कळेल का आता ह्याची पण तेव्हा पहिल्यांदा थोडी खात्री वाटली. खांद्याचा व्यायाम पण व्हिडिओवरच झाला, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची आणि रोज खडूनं खूण करायची, आमच्या माजघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, चुना मारू दिला नाही मी.

म्हणजे ऑनलाईननं होतं. पण सगळं होत नाही, हे पण लिहिलं पाहिजे नाहीतर उद्या कुणीतरी एक ॲप काढून मोकळं होईल. वॉल्व गळायला लागला तेव्हा बाईंनी मला कॅमेऱ्यासमोर दुधाचा एक घोट घ्यायला लावला आणि मंडळीला बॅटरी मारून बघायला सांगितलं की पांढरं वॉल्वच्या मधून येतंय का बाजूनं. मधून येत होतं. ब्रशनं साफ करून बघितलं, दोन दिवस भागलं, मंग परत ठसका. तिथून पुढं व्हिडिओचं काम नाही, तिथं हात पाहिजे. वॉल्व बदलायला शेवटी गाडीच पकडावी लागली, आणि तोवर चार दिवस पाणी पिलं की खोकला, जेवलं की खोकला.

आणि मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नाक हवा गाळतं, ओली करतं, गरम करतं, ते सगळं काम आता गेलेलं, आणि आपल्याकडचं ऊन ४३-४४, त्यात धूळ. आत कफ सुकून खपली होते. त्यासाठी स्टोमावर लावायचे फिल्टर मिळतात, रोज एक बदलायचा असतो, मी एक तीन दिवस चालवतो, चूक आहे माहीत आहे, पण महिन्याचा खर्च बघितला की तोच घसा कोरडा पडतो. घरात असलं की मलमलची ओली दस्ती गळ्यावर बांधतो. तर त्या रात्री मोठी खपली अडकली, श्वास ओढता येईना, एका दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी धावपळ केली, ऑक्सिजन लावला, पण लावला कुठं, तर नाकातोंडावर. मी हात हलवून गळा दाखवायलो तर त्यांना वाटलं पेशंट तडफड करायलाय, दोघांनी माझे हात धरून ठेवले. मंडळीला आत सोडत नव्हते. ती घुसली, तो मास्क ओढून खाली गळ्यावर आणला आणि ओरडली, "हे नाकानं श्वास घेत नाहीत, इथून घेतात!" मंग डॉक्टर आले, सलाईनचे थेंब टाकून नळीनं ओढून खपली काढली. सकाळी त्यांनी माफी मागितली, तरुण पोरगं होतं, त्याच्यावर राग नाही. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. आता मी गळ्यात कार्ड घालतो, 'मी मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजन मानेवर लावा', मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

तिसरी गोष्ट सर्टिफिकेटची. अपंगत्वाचा दाखला काढायला एका ऑफिसात गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणाले, हात-पाय तर धडधाकट आहेत, तुमचं कशात बसत नाही. मी पाटीवर लिहिलं, ऐकू येतं मला हळू बोला. त्या दिवशी परत आलो. नंतर पोरानं कायदा काढला, दिव्यांग हक्क कायदा २०१६, त्यात २१ प्रकार आहेत आणि वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत उदाहरणच स्वरयंत्र काढण्याचं दिलेलं आहे. प्रिंट घेऊन गेलो तेव्हा काम पुढं सरकलं. पण ज्याचा पोरगा नेटवर कायदा शोधू शकत नाही त्याचं काय? ज्यांच्याकडं हे लिहिलेलं आहे त्यांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवावा एवढंच.

बाईंनी मधी एकदा माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता, जीवनमान मोजायचा, जगभर कॅन्सरवाल्यांना हाच देतात म्हणे, मराठीत पण आहे. फोनवर बोलायला त्रास झाला का, लोकांशी बोलायला त्रास झाला का, उत्तरं चार, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. चांगला फॉर्म आहे, मी 'खूप' वर बरेच गोल केले. पण त्यात तुमच्या बायकोला वाचता येतं का हा प्रश्न नाही. हर्रास बोलता येतो का हा पण नाही. घरात रेंज येते का हे पण नाही. आमच्याकडं जीवनमान ह्याच्यावर ठरतं.

हॉलंडमधी ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या लोकांनी खास स्वरयंत्र काढलेल्या माणसांसाठी घरी बसून वापरायचा प्रोग्रॅम बनवला होता, त्यात स्टोमाची आणि वॉल्वची निगा, बोलायचे, वासाचे, मान-खांद्याचे व्यायाम, सगळं व्हिडिओसकट. तिकडं रेल्वेनं कुठंही तीन तासात पोचणारे लोक, त्यांना हे करावंसं वाटलं. इथं सेलूच्या माणसाला तर त्याची जास्त गरज आहे. आपल्याकडं ई-संजीवनी आहे, २०२० च्या लॉकडाऊनपासून घरबसल्या डॉक्टर दिसतात, पण तिथं पहिलाच प्रश्न येतो 'बोला काय त्रास आहे', आणि आमचा त्रास तोच आहे.

माझी मागणी मोठी नाही, नवीन बिल्डिंग नको. जिल्हा रुग्णालयात लहान लेकरांच्या तपासणीचं डीईआयसी नावाचं केंद्र असतं, त्यात स्पीच थेरपिस्टची जागा धरलेली असते, ती जागा भरलेली आहे की रिकामी हे तुमच्या वार्ताहरांनी एकदा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत फिरून बघावं. तीच खोली आठवड्यातून एक दुपार आम्हाला द्या. एक मोठा स्क्रीन, चांगलं नेट, पलीकडं मुंबईच्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलमधलं कुणी, आणि अलीकडं स्टोमा हाताळता येईल अशी एक शिकवलेली सिस्टर. (ती वांद्र्याची संस्था १९८३ पासून वाचा-श्रवणाचंच काम करते, आणि ज्यांच्या नावानं आहे ते अली यावर जंग आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले, पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मराठवाड्याचा त्यांच्यावर थोडा हक्क आहे असं मी धरतो.) वॉल्व बदलायचं काम नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजांत महिन्यातून एक ठराविक दिवशी व्हावं, म्हणजे माणसाला मुंबई-पुण्याला पळावं लागणार नाही. फिल्टर आणि वॉल्व योजनेच्या पिशवीतून मिळावेत, जसं ऑपरेशन मिळालं तसं. आणि ऑपरेशनच्या आधी, परत सांगतो आधी, पेशंटला असं ऑपरेशन झालेल्या एका माणसाशी व्हिडिओवर गाठ घालून द्यावी. मला कुणीच भेटवला नव्हता. मी ऑपरेशनला गेलो तेव्हा मला वाटत होतं महिन्याभरात आवाज परत येईल, आणि जाग आल्यावर पहिल्यांदा हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा कळलं.

बाईंनी आता हे काम माझ्याकडं दिलंय. मागच्या महिन्यात हिंगोलीकडच्या एका शेतकऱ्याशी बोललो, त्याचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं, तो नुसता बघत बसला होता, त्याच्या बायकोनंच सगळं विचारलं, जेवता येतं का, झोपता येतं का, बैलाला हाकता येतं का. बैलाचं मला माहीत नव्हतं. मी म्हणलो शिट्टी बांधून देऊ गळ्यात. दोघं हसले. मोंढ्यात पण जातो आता, हर्रास दुसरा पोरगा बोलतो, मी शेजारी वही घेऊन बसतो आणि तो भाव चुकला की बोट गळ्यावर ठेवून एकदाच बोलतो. सगळी शेड गप्प होते, आवाज नवीन आहे ना.

साहेब, पत्र लांबलं. जागा कमी असेल तर काटछाट करा, साखरेची गोष्ट काढा, साडूची तर काढाच, तो तुमचा पेपर वाचतो. पण ऑक्सिजन मानेवर लावायचा ही ओळ काढू नका, जमलं तर चौकटीत द्या.

आपला,
एक जुना वाचक
सेलू, जि. परभणी